देहाचा जमाखर्च : निसर्गोपचारक महात्मा गांधी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, विषय शक्यतो आरोग्याशी निगडित असावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा प्रथम संकोचच वाटला. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. उमेदीची सारी वर्षे धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाचे तागे उलगडण्यात आणि रात्री रोजमेळ जुळविण्यात गेली. वैद्यकातील अधिकार शून्य. परंतु ज्यांचे जीवन वाचताना वहीखात्याची सवय असलेल्या माणसाला पानोपानी आपल्याच धंद्याची शिस्त दिसते, असे एक महापुरुष आहेत. त्यांचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी जन्मभर चालविलेला देहाचा जमाखर्च मात्र फारसा कोणी उघडून पाहत नाही.

हा विषय सुचण्यास कारणही घडले. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून दुकानी जाताना, लग्नाच्या बस्त्याला बसलेल्या गिऱ्हाइकांत, किंवा स्थानकातून बाहेर पडताना, एखादा चांगला निसर्गोपचारक माहीत आहे काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात होमिओपॅथी आणि निसर्गोपचार ही एकाच वस्तूची दोन नावे असतात. वास्तविक होमिओपॅथी ही औषध देणारी पद्धती. जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी 1796 मध्ये तिचे तत्त्व मांडले. त्या साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्या आपल्या घराघरांत आहेत. निसर्गोपचारात गोळीच नाही. माती, पाणी, ऊन, हवा, आहार आणि उपवास एवढाच त्याचा औषधांचा बटवा. हानेमान ज्या लाइपझिग नगरीत शिकवीत असत, त्याच नगरीत पुढे 1883 मध्ये लुई कूने यांनी जलोपचाराचे केंद्र काढले. या कूने यांचा ग्रंथ वाचून एका हिंदी बॅरिस्टराने त्यातील प्रयोग स्वतःच्या पोटच्या मुलावर केले. ते बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे, मोढ वणिक कुळात झाला. घरातील पहिला रुग्ण त्यांनी पाहिला तो म्हणजे त्यांचे वडील. करमचंद गांधी राजकोटला भगंदराच्या विकाराने अंथरुणाला खिळले. वैद्यांचे लेप झाले, हकिमांच्या पट्ट्या झाल्या, गावठी उपाय झाले. इंग्रज शल्यवैद्याने शस्त्रक्रिया सुचविली, परंतु वय पाहून घरच्या वैद्यांनी ती नाकारली. मुंबईहून आणलेल्या औषधांच्या बाटल्या तशाच पडून राहिल्या. पंधरा-सोळा वर्षांचा मोहन जखम धुऊन बांधीत असे, घरी करावयाची औषधे खलीत असे आणि रात्री वडिलांचे पाय चेपीत असे. 1885 मध्ये वडील निवर्तले. नेमक्या त्या क्षणी मोहन खोलीत नव्हता, आणि ती टोचणी त्यांना आयुष्यभर राहिली. एकाच खाटेभोवती चार पद्धतींचे उपचार आणि चौघांची चार मते, हा अनुभव आपल्यापैकी किती कुटुंबांनी घेतला असेल!

मॅट्रिकनंतर विलायतेस जाण्याची गोष्ट निघाली तेव्हा मोहनदासाने डॉक्टर होण्याची इच्छा बोलून दाखविली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वडील बंधूंनी ती मोडून काढली. वैष्णवाच्या मुलाने प्रेतांची चिरफाड करावी हे वडिलांना कधीच रुचले नसते, असे त्यांचे म्हणणे पडले. डॉक्टरीऐवजी बॅरिस्टरी ठरली. मातोश्री पुतळीबाईंना मात्र मुलाच्या खाण्यापिण्याची धास्ती होती. तेव्हा मोढ वणिक कुळातून दीक्षा घेतलेले जैन साधू बेचरजी स्वामी पुढे आले आणि त्यांनी मोहनदासाकडून मद्य, मांस व परस्त्री यांचा त्याग करण्याची प्रतिज्ञा करवून घेतली. पुढील पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक आजारात गांधीजींच्या उशाशी डॉक्टराच्या बरोबरीने ही प्रतिज्ञाही उभी राहिली.

4 सप्टेंबर 1888 रोजी ते मुंबईहून निघाले. लंडनमध्ये उपासमारीचे काही आठवडे काढल्यावर त्यांना शाकाहारी भोजनगृह सापडले, शाकाहारावरील पुस्तके सापडली, आणि आहार सुधारून रोग बरे करणारे डॉक्टर ॲलिन्सन हेही तेथेच भेटले. प्रतिज्ञा म्हणून पाळलेला शाकाहार तेथे बुद्धीने स्वीकारलेला शाकाहार झाला. मुंबईस परतल्यावर 1891 मध्ये जवाहिरी आणि तत्त्वचिंतक रायचंदभाई, म्हणजेच श्रीमद् राजचंद्र, यांची भेट झाली. हिरे-मोत्यांचे सौदे उरकताच समोरची आध्यात्मिक वही उघडणाऱ्या या जैन व्यापाऱ्याचा ठसा गांधीजींवर किती खोल उमटला, हे वाचकांस सांगणे नलगे. दुधाविषयीचा विचारही प्रथम त्यांनीच गांधीजींच्या मनात रुजविला. तो पुढे फार महागात पडावयाचा होता.

दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात चालली, आणि बद्धकोष्ठता व डोकेदुखी मागे लागली. रेचके घेऊन दिवस ढकलणे चालू होते. सकाळची न्याहारी सोडताच डोकेदुखी गेली, पोट मात्र सुधारले नाही. त्या सुमारास अॅडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. स्वच्छ माती थंड पाण्यात कालवून, तलम कापडावर पसरून, ती पट्टी रात्री पोटावर बांधावयाची. (कापड व्यापाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचले, हे सांगावयास हरकत नाही. मलमल हवी, मांजरपाट चालणार नाही.) पट्टीचा गुण आला. मग घरी, आश्रमात, सहकाऱ्यांवर तिचे प्रयोग सुरू झाले. 1904 मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाचा प्लेग शिरला. एका रिकाम्या गुदामात तेवीस रुग्ण ठेवले होते. डॉक्टर गॉडफ्रे यांच्या संमतीने तिघांवर गांधीजींनी मातीचा उपचार केला. त्यांपैकी दोघे वाचले, बाकीचे सारे गेले. गांधीजींनी हा आकडा लिहून ठेवला. परंतु तीन रुग्णांच्या आकड्यावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे हिशेब जाणणाऱ्या कोणालाही कळेल.

याच्या दोन वर्षे आधीची एक घटना या चरित्राचा गाभा आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. 1902 मध्ये गांधीजी काही महिने मुंबईत गिरगावात बिऱ्हाड करून होते. दुसरा मुलगा मणिलाल, वय दहा, याला विषमज्वर झाला. सोबत न्यूमोनिया आणि रात्री वात. पारशी डॉक्टर आले. औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचे सूप द्या, असे त्यांनी सांगितले. गांधीजींनी नकार दिला. जलोपचार करण्याची परवानगी मागितली, आणि त्याचबरोबर आणखी एक गोष्ट मागितली: नाडी, छाती आणि फुप्फुसे तपासण्यासाठी डॉक्टरांनी येत राहावे. डॉक्टर भला माणूस. त्याने ते मान्य केले. मुलालाही विचारले. त्याने वडिलांवर हवाला ठेवला.

कूने यांच्या रीतीने कटिस्नान सुरू झाले, तेही तीन मिनिटांहून अधिक नाही. तीन दिवस नारिंगाच्या रसात पाणी घालून दिले. ताप 104 अंशांवरून हलेना. मग रात्री बापाचे धैर्य खचले. लोक काय म्हणतील, थोरले बंधू काय म्हणतील, आपल्या लहरी मुलांवर लादण्याचा बापाला हक्क कोणता, अशा विचारांनी ते घेरले गेले. अखेर उठून त्यांनी चादर भिजवली, पिळली, डोके सोडून मुलाचे सर्व अंग तीत गुंडाळले, वर दोन घोंगड्या घातल्या आणि कपाळावर ओला पंचा ठेवला. अंग तापलेल्या लोखंडासारखे भाजत होते, घामाचा टिपूस नव्हता. कस्तुरबांना जवळ बसवून ते चौपाटीवर गेले. रात्रीचे दहा वाजले होते, रस्ता ओस पडला होता, आणि हा माणूस रामनाम घेत एकटा फेऱ्या मारीत होता. धडधडत्या छातीने घरी परतले तो मुलाच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. हळूहळू सर्वांग घामाने भिजले. बापलेक एकाच अंथरुणात गाढ झोपी गेले. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेले दूध आणि फळांचा रस यांवर मणिलाल राहिला आणि धडधाकट झाला.

एवढे झाल्यावर गांधीजींनी या यशाचे श्रेय कोणाच्या खात्यावर जमा केले? पाण्याच्या उपचाराने मुलगा वाचला, की आहाराने, की शुश्रूषेने, की ईश्वरकृपेने, हे कोण सांगणार, असे त्यांनी निःसंकोचपणे लिहून टाकले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1902 मध्ये विषमज्वरावर खात्रीचे औषध जगात कोणाकडेच नव्हते; ते 1948 नंतर आले. म्हणजे डॉक्टर आणि गांधीजी यांच्यातील वाद औषधाचा नव्हता, तो पथ्याचा होता. आज त्या तापावर प्रतिजैविके उपलब्ध असताना कोणी मुलास ओल्या चादरीत गुंडाळून चौपाटीवर फिरावयास जाईल, तर ते गांधीजींचे अनुकरण म्हणता येणार नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानातून लिहीत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना मधुमेह होता आणि मला निसर्गोपचाराचा नवा उत्साह होता. बाहेरगावी पाटी लावून बसलेला एक गृहस्थ मी शोधून काढला. त्याचे शिक्षण किती, कोठे झाले, हे मी विचारले नाही. एका पोत्याच्या सुतासाठी चार गिरण्यांचे भाव विचारणारा मी! गोळ्या विष आहेत, आजच बंद करा, असे त्याने सांगितले, आणि बंधूंचे मन मीच वळविले. तिसऱ्या महिन्यात पायाची जखम चिघळून त्यांना इस्पितळात न्यावे लागले. उजव्या पायाची दोन बोटे गेली. बंधूंनी मला आजतागायत एका शब्दाने दोष दिला नाही. मणिलालची कथा मी त्यापूर्वी वाचलेली होती. परंतु डॉक्टरांनी नाडी पाहण्यास येत राहावे, ही गांधीजींची विनंती माझ्या डोळ्यांखालून निसटली होती.

असो. 1909 च्या आरंभी डर्बनला कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली आणि अशक्तपणामुळे डॉक्टरांनी गोमांसाचे सूप देण्याचा आग्रह धरला. कस्तुरबांनी ते साफ नाकारले. अशा रुग्णाला मी ठेवणार नाही, असे डॉक्टरांनी सांगताच रिमझिम पावसात, झोळीतून, गांधीजी त्यांना फिनिक्स आश्रमात घेऊन गेले. तेथे जलोपचाराने त्या हळूहळू सावरल्या. पुढे पुन्हा रक्तस्राव सुरू झाला तेव्हा मीठ आणि डाळी सोडण्यास पती सांगू लागले. तुम्हालाही ते जमणार नाही, असे त्या बोलून गेल्या मात्र, आणि गांधीजींनी तत्क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडली. त्या बिचारीला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. या माणसाच्या घरात रुग्ण होणे सोपे नव्हते! त्याच वर्षी जहाजावर लिहिलेल्या हिंद स्वराज्यात त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळे यांवर कठोर टीका केली. 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. गाईम्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांची माहिती वाचून तो निश्चय पक्का झाला होता. 1914 मध्ये लंडनला फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तेव्हा साक्षात गोखल्यांनी डॉक्टरांचे ऐकावे म्हणून आग्रह केला, तरी दूध घेतले नाही. 1915 मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी दिवसाकाठी पाचच पदार्थ खाण्याचे आणि सूर्यास्तानंतर काहीही न खाण्याचे व्रत घेतले. चौविहार पाळणाऱ्या आपल्या घरांना ते व्रत परके वाटणार नाही.

मग 1918 साल उजाडले आणि वहीच्या नावे बाजूला मोठी रक्कम पडली. खेडा जिल्ह्यात पायपीट करून थकलेल्या शरीराला सणाच्या दिवशीची तेलातली गोड लापशी आणि मूग सोसले नाहीत. आमांश झाला, दिवसाला तीस-चाळीस वेळा जावे लागे. औषध नाही, इंजेक्शन नाही, असा हट्ट. अहमदाबादेस आणल्यावर तर त्यांनी मृत्यूची तयारी केली. त्या वेळी एका स्नेह्याने एक विलक्षण मराठी गृहस्थ त्यांच्याकडे आणला. नाव केळकर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पण पदवी न घेतलेले. सर्व रोगांवर बर्फ हा त्यांचा उपाय. गांधीजींनी त्यांचे नावच बर्फाचे डॉक्टर ठेवले. केळकरांनी त्यांच्या सर्वांगावर बर्फ फिरविला. आशा वाढली, भूक लागू लागली, पाच-दहा मिनिटे चालता येऊ लागले. केळकरांचे सर्व दावे आपण मानत नाही, हेही गांधीजींनी लिहून ठेवले. आणि निर्जीव अंडी खाण्याची त्यांची शिफारस तर फेटाळलीच. आपल्यासारखाच एक लहरी माणूस, असे त्यांनी केळकरांचे वर्णन केले आहे. ज्या प्रांतात आपण आज निसर्गोपचारक शोधीत फिरतो, त्या प्रांतातून त्यांना मिळालेला पहिला निसर्गोपचारक हा असा होता.

तरीही शरीर भरून येईना. मुंबईत डॉक्टर दलाल यांनी स्पष्ट सांगितले की, दुधावाचून हे शरीर उभे करता येणार नाही. प्रतिज्ञा आड आली. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या की, प्रतिज्ञा गाईम्हशींच्या दुधाची होती, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजी वश झाले. जगण्याची आणि कार्य करण्याची इच्छा बलवत्तर ठरली. प्रतिज्ञेचे अक्षर पाळले, आत्मा मोडला, हे त्यांनी मान्य केले. शेळीचे दूध त्यांनी शेवटपर्यंत घेतले आणि त्याचे शल्यही शेवटपर्यंत बाळगले. नियम मोडून वर त्याला धर्माचा मुलामा देणे आपल्याकडे फार चालते. ते त्यांनी केले नाही.

12 जानेवारी 1924 च्या रात्री येरवड्याच्या या कैद्याला आंत्रपुच्छाच्या तीव्र दाहामुळे पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले गेले. हिंद स्वराज्याच्या लेखकाने संमतिपत्रावर सही केली आणि इंग्रज शल्यवैद्य कर्नल मॅडॉक यांच्या सुरीखाली तो निजला. मध्येच वीज गेली. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पूर्ण करावी लागली. या शस्त्रक्रियेवाचून ते वाचले असते, असे म्हणण्यास आधार नाही. 1927 मध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात रक्तदाब वाढून ते कोसळले आणि दक्षिणेत नंदी टेकडीवर विश्रांतीस गेले. 1936 च्या डिसेंबरात आपल्या खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले त्या वेळी ते सेवाग्रामी राहावयास जाऊन काही महिनेच झाले होते. सेवाग्राम म्हणजे हळूहळू एक रुग्णालयच बनले. कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री तेथे आश्रयाला आले. त्यांना कोणी हात लावीना, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले.

या सर्व काळात गांधीजींचे वैद्य बहुधा ते स्वतःच होते. ज्याच्या हाती निःशंकपणे देह सोपवावा असा शिकलेला निसर्गोपचारक त्यांना मिळाला तो पुण्यात, डॉक्टर दिनशा मेहता यांच्या रूपाने. या पारशी गृहस्थांचे पुण्यात निसर्गोपचार केंद्र होते. 1943 च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले तेव्हा मेहतांना शुश्रूषेसाठी आत येण्याची परवानगी मिळाली. त्याच वास्तूत आधी, 28 ऑगस्ट ते 18 डिसेंबर 1942 या काळात, गांधीजींनी आरोग्याची किल्ली हे छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले होते.

आणि तेथेच त्या वहीतील सर्वांत जड पान लिहिले गेले. 1944 च्या आरंभी कस्तुरबांची प्रकृती ढासळली. त्यांच्या आग्रहावरून डॉक्टर मेहता आले, लाहोरचे वैद्यराज शिव शर्मा आले. रात्री आत राहण्यास मनाई म्हणून वैद्यराज फाटकाबाहेर मोटारीत झोपत. शेवटी पेनिसिलीन हे नवे औषध विमानाने कलकत्त्याहून आणले गेले. पुत्र देवदास यांची इच्छा होती की ते द्यावे. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना समजावून थांबविले. शेवटच्या घटका शांतपणे जाऊ द्याव्यात, असे त्यांचे मत पडले. 22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. काही आठवड्यांनी गांधीजींना हिवताप आला आणि त्यांनी क्विनीन घेतले. या दोन नोंदी शेजारी ठेवून टीकाकार त्यांना आजही जाब विचारतात. कस्तुरबांचे हृदय आणि फुप्फुसे त्या वेळी फार खालावलेली होती, त्या औषधाने वाचल्या असत्या असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे खरे. तरीही पतीने घेतलेला निर्णय आणि पतीने घेतलेले औषध यांचा मेळ मला बसविता येत नाही, आणि ओढूनताणून तो बसविण्याची माझी इच्छाही नाही.

सुटकेनंतर 1945 मध्ये ते मेहतांच्या पुण्यातील केंद्रात बरेच दिवस राहिले. सरदार पटेलांनाही उपचारासाठी तेथे आणले होते. 18 नोव्हेंबर 1945 रोजी निसर्गोपचाराच्या अखिल भारतीय न्यासाच्या दस्तावर त्यांनी अध्यक्ष म्हणून सही केली. 2018 पासून तोच दिवस निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या जागी 1986 पासून शासनाची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था उभी आहे. परंतु काही महिन्यांतच गांधीजींना आपली चूक कळली. शहरातील केंद्रात येणार ते मोटारवाले. गरिबाने पुण्यास कसे यावे? ती चूक त्यांनी जाहीरपणे कबूल केली. चुकीच्या पेढीत भांडवल अडकले म्हणून हिशेब लपविणाऱ्यांपैकी ते नव्हते.

22 मार्च 1946 रोजी ते पुण्यापासून सुमारे 30 किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील उरुळीकांचन या खेड्यात आले. पहिल्या दिवशी सुमारे तीस रुग्ण आले. उपचार जवळपास सर्वांना एकच: रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान व घर्षणस्नान, दूध, ताक, फळांचा रस आणि भरपूर स्वच्छ पाणी. खेड्यात जे मिळते त्यातच उपचार बसला पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. तेथील महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली. आठवडाभरातच ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाशी बोलणी करण्यासाठी गांधीजींना दिल्लीस जावे लागले. मागे राहिले ते मणिभाई देसाई हे पंचविशीतले तरुण. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा हेही पुढे तेथेच राहिले. क्षयाने खंगलेला हा देह निसर्गोपचारावर दीर्घकाळ टिकला. धुळेकरांना या भावंडांचे अप्रूप वेगळे: विनोबांनी 1932 मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, तर धाकटे शिवाजीराव भावे धुळ्यातच राहिले.

1947 च्या मे महिन्यात पाटण्यात नात मनूच्या पोटात दुखू लागले. गांधीजींनी माती बांधली, उपास घडविला. दुखणे आंत्रपुच्छाचे निघाले. तेव्हा हट्ट न धरता त्यांनी शस्त्रक्रियेस संमती दिली आणि तोंडाला पट्टी बांधून स्वतः तेथे बसून राहिले. आपला पराभव झाला, असेच त्यांनी मानले. 29 जानेवारी 1948 च्या रात्री दिल्लीत त्यांना खोकल्याची उबळ येत होती. पेनिसिलीनच्या चघळण्याच्या गोळ्या कोणी सुचविल्या. त्या त्यांनी घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रार्थनेस जाताना त्यांची हत्या झाली.

वाचक विचारतील, तर मग निसर्गोपचारक शोधावा कसा? जे मला माझ्या बंधूंच्या वेळी ठाऊक असावयास हवे होते, तेवढेच सांगतो. होमिओपॅथीला 1973 च्या कायद्याने केंद्रीय परिषद मिळाली. निसर्गोपचाराला तशी परिषद मिळाली नाही, आणि 2020 च्या भारतीय चिकित्सा पद्धतींच्या आयोगाच्या कायद्यातही तो बाहेरच राहिला. म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. निसर्गोपचार व योगविज्ञानाची साडेपाच वर्षांची पदवी असते. ती आहे की नाही हे विचारावे, विचारताना संकोच करू नये. आणि जो चालू औषधांची यादी न पाहता ती बंद करावयास सांगतो, त्याच्या दुकानातून कापड न घेता उठावे.

मणिभाईंनी उरुळी सोडली नाही. उपचाराबरोबर शेती, फळबागा, गीर गाई असा पसारा वाढत गेला. 1967 मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली, 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि 1993 मध्ये ते निवर्तले.

गेल्या वर्षी थोरल्या बंधूंना घेऊन मी उरुळीस जाऊन आलो. जाण्याची कल्पना त्यांचीच. मी विषय काढण्याचे धाडस केले नसते. सकाळी पोटावर मातीची पट्टी घेऊन ते अर्धा तास स्वस्थ पडून राहिले. नंतर उठले, हात धुतले, काठी टेकीत पिशवीपाशी गेले, आणि न्याहारीपूर्वीची मधुमेहाची गोळी शोधून काढून माझ्याकडे पाण्याचा पेला मागितला.